दोन गाठींचा उंदीर

आत्याने ती गोष्ट तीन आठवडे कुणाला सांगितली नाही. मुलुंड पूर्वेच्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात काही लपवावं तर जागा कुठे! पण रात्री सगळे झोपल्यावर परकर भिजत घालायचा, पहाटे सून उठायच्या आत धुऊन गॅलरीतल्या दोरीवर टॉवेलाच्या आड वाळत टाकायचा, एवढं तिने बिनबोभाट जमवलं होतं. वय ६१. पाळी जाऊन ११ वर्षं झालेली. चार वर्षांपूर्वी डाव्या स्तनातली गाठ काढली, मग केमो, मग रेडिएशन, आणि तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर एक पांढरी गोळी. टॅमॉक्सिफेन, २० मिलिग्रॅम.

एका रविवारी मी गेले तेव्हा ती मेथी निवडत होती. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. हात न थांबवता, जणू गंमत सांगतेय अशा आवाजात म्हणाली, "अगं, मला या वयात पाळी परत आली की काय?"

"म्हणजे?"

"थोडंसंच. डागापुरतं. दुखत वगैरे काही नाही."

मी तिच्या हातातली मेथीची जुडी काढून घेतली. गेलेली पाळी ११ वर्षांनी परत येत नाही. तो डाग कुठून आला असेल, याचं उत्तर मी कुठेतरी वाचलेलं होतं. ते उत्तर पहिल्यांदा स्पष्ट दिसलं होतं एका उंदराच्या अंगावर, अमेरिकेत, १९८८ साली. पण त्या उंदरापर्यंत पोचायचं तर या गोळीच्या जन्मापासूनच सुरुवात करायला हवी. कारण तिचा जन्मच मुळी चुकीच्या घरात झाला.

इंग्लंडच्या चेशायर परगण्यात ऑल्डर्ली पार्क इथे आयसीआय कंपनीची प्रयोगशाळा होती. १९६० च्या सुमारास तिथे आर्थर वॉलपोल यांची तुकडी संततिनियमनाचं औषध शोधत होती. संबंध आल्यानंतर घेतली तरी गर्भ राहू नये, अशी गोळी त्यांना हवी होती. कॅन्सर हा त्या कामाचा विषयच नव्हता. डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६२ साली एक रेणू तयार केला. त्याला क्रमांक मिळाला आयसीआय ४६,४७४. उंदरांच्या माद्यांना दिला, तर गर्भ राहीना. सगळे खूश. मग बायकांवर वापरून पाहिला, तर भलतंच. गर्भ रोखायचा सोडून हा पठ्ठ्या बीजकोशातून बीज बाहेर काढायला मदत करत होता!

या रेणूचा दुटप्पीपणा तिथेच दिसायला हवा होता. खरं तर त्याआधीही एक खूण मिळाली होती. हा रेणू दोन रूपांत तयार होई. अणू तेच, त्यांची संख्याही तीच, फक्त एक भाग या अंगाला की त्या अंगाला, एवढाच फरक. वॉलपोल आणि त्यांचे सहकारी मायकेल हार्पर यांनी १९६६ साली दाखवून दिलं, की यातलं एक रूप शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं आणि दुसरं इस्ट्रोजेनला अडवतं. औषध म्हणून निवडलं ते अडवणारं. इस्ट्रोजेनची नक्कल करणारं आपण मागे टाकलं, असा सर्वांचा समज झाला. तो किती अपुरा होता ते कळायला वीसेक वर्षं जावी लागली.

इस्ट्रोजेन अडवण्याचा आणि कॅन्सरचा काय संबंध? ते धागेदोरे फार जुने. जॉर्ज बीटसन या ग्लासगोच्या शल्यचिकित्सकाने १८९५ साली स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या एका तरुण स्त्रीचे बीजकोश काढून टाकले. गाठी विरघळल्या. इस्ट्रोजेन हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. पुढे शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन शरीरात कुठे जाऊन बसतं याचा माग काढला. ते गर्भाशयासारख्या ठराविक जागीच साठत होतं. म्हणजे तिथल्या पेशींत त्याच्यासाठी खास कुलूप होतं. त्याला म्हणतात रिसेप्टर. स्तनाच्या पुष्कळशा गाठींतही हेच कुलूप सापडलं. आत्याच्या फाईलमध्ये बायोप्सीच्या कागदावर 'ईआर पॉझिटिव्ह' असं लिहिलंय, ते याच कुलपाबद्दल.

वॉलपोल यांना आपल्या फसलेल्या गोळीत या कुलपात अडकवून ठेवायची खोटी किल्ली दिसत होती. कंपनीला त्यात फारसा नफा दिसत नव्हता. तरी मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलमध्ये डॉ. मेरी कोल आणि सहकाऱ्यांनी आजार पसरलेल्या ४६ बायकांना ती देऊन पाहिली. १९७१ साली त्यांनी निष्कर्ष छापले. १० जणींच्या गाठी आटोक्यात आल्या होत्या, आणि त्रास अगदी मामुली. १९७३ मध्ये ब्रिटनने, १९७७ च्या डिसेंबरात अमेरिकेने मंजुरी दिली. पुढे हजारो बायकांच्या नोंदी एकत्र करून मांडलेला हिशोब असं सांगतो, की ईआर पॉझिटिव्ह गाठ असलेल्या बाईने ही गोळी पाच वर्षं घेतली तर पहिल्या १५ वर्षांत त्या आजाराने मरण येण्याचा धोका जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. केमोसारखे केस गेले नाहीत, सलाईन लागलं नाही, रोज रात्री पाण्याबरोबर फक्त एक गोळी.

योगायोग असा, की ज्या गोळीच्या शोधात इंग्लंडची मंडळी निघाली होती ती अखेर सापडली लखनौला. तिथल्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत याच जातकुळीचा एक रेणू तयार झाला आणि तो गर्भनिरोधक म्हणून उत्तम चालला. हीच ती आठवड्याची 'सहेली'. पुढे सरकारी कुटुंबनियोजनात ती 'छाया' या नावाने आली. एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या. एक पाळणा लांबवते, दुसरी गाठ रोखते. कारण दोघींचं काम त्याच कुलपाशी आहे, आणि ते कुलूप स्तनातही आहे, गर्भाशयातही आहे.

गर्भाशयातही आहे! पण औषध स्तनासाठी दिलेलं. तेव्हा पाहायचं ते स्तनाकडे, गर्भाशयाकडे बघायची गरज कुणाला वाटावी?

पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी इथे पी. जी. सत्यस्वरूप नावाच्या संशोधकाला ती गरज वाटली. नाव वाचताना आपला डोळा क्षणभर थबकतोच. माणसाच्या गर्भाशयाच्या अस्तरातली कॅन्सरची गाठ त्यांनी उंदरांत वाढवली होती. त्या उंदरांना टॅमॉक्सिफेन दिलं तर ते त्या गाठीवर इस्ट्रोजेनसारखं वागतं, असं त्यांच्या गटाने १९८४ मध्ये छापलं. पुढच्याच वर्षी स्तनाच्या कॅन्सरसाठी ही गोळी घेणाऱ्या तीन बायकांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाल्याची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात आली. तीनच बायका. तीन हा आकडा असा, की ज्याला दुर्लक्ष करायचं त्याला ते सहज करता यावं.

क्रेग जॉर्डन यांनी ते केलं नाही. हा माणूस इंग्लंडात वाढलेला, लीड्सला शिकलेला. १९७२ साली त्यांच्या डॉक्टरेटचे बाहेरचे परीक्षक म्हणून कोण आले होते? आर्थर वॉलपोल! त्यानंतर आयुष्यभर जॉर्डन यांनी या एकाच रेणूची पाठ धरली. गोळी महिनोन्महिने नाही, वर्षानुवर्षं द्यायला हवी, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मांडणारे तेच. त्यामुळे प्रश्नही त्यांच्याच दारात येऊन उभा राहिला. वर्षानुवर्षं देणार, तर बाकीच्या अवयवांचं काय?

१९८८ सालचा विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचा तो प्रयोग वाचताना आजही अंगावर काटा येतो, इतका तो साधा आहे. जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर घेतले, ज्यांची प्रतिकारशक्ती जन्मतः लुळी असते. त्यांच्या अंगात माणसाची गाठ रुजवली तरी शरीर ती झिडकारत नाही. या उंदरांना नीटसे केसही नसतात, गुलाबी कातडीखाली गाठ वाढली की नुसत्या डोळ्यांना दिसते. अशा एकाच उंदराच्या अंगात दोन गाठी लावल्या. एक माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरची. दुसरी सत्यस्वरूप यांच्याकडची, गर्भाशयाच्या अस्तराची. मग त्याला टॅमॉक्सिफेन दिलं, आणि दर आठवड्याला दोन्ही गाठी मोजत राहिले.

स्तनाची गाठ जिथल्या तिथे थांबली. गर्भाशयाची गाठ वाढत गेली.

उंदीर एक, रक्त एक, औषध एक. आहार वेगळा, वय वेगळं, स्वभाव वेगळा, असली एकही सबब उरली नाही. जे औषध एका गाठीचं पाणी तोडत होतं, तेच दुसरीला पाणी घालत होतं. आत्याच्या परकरावरच्या डागाचा उगम तो हा.

उंदरांकडून स्तनाच्या कॅन्सरचं कोडं सोडवायची वाट मुंबईला मुळीच नवी नव्हती. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात नेमकं हेच करत होत्या. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या अमेरिकेत शिकून आल्या, आणि देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी परळला उभी केली. उंदरांतला स्तनाचा कॅन्सर, त्यातला आनुवंशिकतेचा भाग, हार्मोन आणि विषाणू यांचं साटंलोटं हा त्यांचा विषय. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. हार्मोनचं बोट धरून कॅन्सरपर्यंत जाता येतं, हे मॅडिसनच्या प्रयोगाच्या कितीतरी आधी परळच्या पिंजऱ्यांमध्ये तपासलं जात होतं.

उंदराचं ते माणसाला लागू पडेलच असं नसतं. ती शंका १९८९ साली स्टॉकहोमने मिटवली. तिथे पाळी गेलेल्या १,८४६ बायकांची पाहणी चालू होती. निम्म्या गोळी घेणाऱ्या, निम्म्या न घेणाऱ्या. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाला तो गोळी न घेणाऱ्यांत दोघींना, घेणाऱ्यांत तेरा जणींना. तिथला डोस ४० मिलिग्रॅम होता, आजच्या दुप्पट. पण १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत २० मिलिग्रॅमवरही वाढीव धोका दिसला. दर हजार बायकांमागे वर्षाला साधारण दीड.

त्याच वर्षी लंडनहून 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध आला. पहिलं नाव आर. पी. केदार. त्यांच्या गटाने पाळी गेलेल्या १११ निरोगी बायकांची योनीमार्गे सोनोग्राफी केली आणि अस्तराचे तुकडेही तपासले. गोळी घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के जणींच्या अस्तरात काही ना काही बदल झालेला होता, न घेणाऱ्यांत १० टक्के. बदल म्हणजे लगेच कॅन्सर नव्हे. अस्तर जाड होणं, त्यात पेशींची जादा वाढ होणं, पॉलिप म्हणजे मऊ कोंब फुटणं, असं पुष्कळ काही त्यात येतं. पण स्तनासाठी दिलेली गोळी गर्भाशयात रोज काहीतरी करत असते, एवढं त्यातून पक्कं झालं.

१९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टॅमॉक्सिफेनला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखू ज्या गटात आहे तोच. आणि त्याच जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही टॅमॉक्सिफेन आहे! वाचणाऱ्याने यातलं खरं काय मानायचं? दोन्ही. जॉर्डन यांनी या दोन्ही गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या. ज्या औषधासाठी हयात वेचली त्याचा दोष आपल्याच प्रयोगातून जगापुढे मांडायचा, आणि त्या दोषापायी औषधच फेकू नका म्हणून त्याच तोंडाने भांडायचं, हे सोपं नव्हे. २०२४ च्या जूनमध्ये ते गेले.

एकच किल्ली दोन घरी दोन तऱ्हेने का वागते, याचं उत्तरही मिळालं. टॅमॉक्सिफेन बसल्यावर कुलपाचा आकार थोडा बदलतो. त्या बदललेल्या कुलपाला कामाला लावायचं की नाही, हे पेशीत आसपास कुठली मदतनीस प्रथिनं आहेत त्यावर ठरतं. शांग आणि ब्राउन या दोघांनी २००२ मध्ये दाखवलं, की असं एक प्रथिन गर्भाशयाच्या पेशींत भरपूर असतं, स्तनाच्या पेशींत कमी. म्हणून स्तनात किल्ली नुसती अडकून राहते आणि गर्भाशयात दार उघडते.

पाळी गेलेल्या बाईतच हा धोका ठळक का, तेही यातून कळतं. पाळी चालू असते तेव्हा अस्तराला शरीराचं स्वतःचं भरपूर इस्ट्रोजेन मिळतं, आणि ते अस्तर दर महिन्याला झडूनही जातं. पाळी गेल्यावर घर शांत असतं, अस्तर पातळ झालेलं असतं. तिथे रोज रात्री ही गोळी जाऊन दार ठोठावते, आणि झडून जाण्याची सोय आता उरलेली नसते.

आत्याला दुसऱ्याच दिवशी घाटकोपरच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. सोनोग्राफीत अस्तर ११ मिलिमीटर आलं. तो आकडा पाहून माझेच हात गार पडले. बाई म्हणाल्या, "एकट्या आकड्याने घाबरू नका. या गोळीने अस्तराच्या खालचा भागही सुजतो, त्यात पाण्याचे बारीक बुडबुडे होतात, आणि मशीनला ते सगळं मिळून जाड अस्तर वाटतं. पण डाग दिसलाय ना, मग आत बघायलाच हवं."

जगभरचा डॉक्टरांचा सल्लाही तोच आहे. गोळी चालू आहे आणि काहीच त्रास नाही, अशा बाईची ऊठसूट सोनोग्राफी करण्यात अर्थ नाही. त्यातून खोटी भीती आणि नको असलेली क्युरेटिंग तेवढी वाढतात. पण पाळी गेल्यानंतर लाल, गुलाबी, तपकिरी, कसलाही डाग दिसला, तर सोनोग्राफी चांगली आली तरी तुकडा तपासायचा.

दुर्बीण घालून पाहिलं. पॉलिप निघाला, बोटाच्या पेराएवढा. तपासणीचा कागद आठ दिवसांनी आला. कॅन्सर नाही. त्या आठ दिवसांत आत्याने कुणाशी फार बोलणं केलं नाही. मेथी मात्र तीनदा आणली.

मग आम्ही दोघी मुलुंडहून स्लो लोकलने परळला गेलो, तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे. गाडीत मी तिला विचारलं, "तीन आठवडे का गं गप्प राहिलीस?"

"कुणाला सांगू? मुलाला? आणि स्तनाच्या डॉक्टरला हे कसं सांगायचं? त्यांचा काय संबंध?"

स्तनाच्या डॉक्टरचा काय संबंध! सत्तरच्या दशकात मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हेच वाटलं होतं.

डॉक्टरांनी गोळी बदलली. पाळी गेलेल्या बाईत बीजकोश बंद पडले तरी चरबीत थोडं इस्ट्रोजेन बनतच राहतं. लेट्रोझोल, ॲनॅस्ट्रोझोल या गोळ्या ते बनणंच थांबवतात. गर्भाशयात त्या दार ठोठावत नाहीत. दोन्ही तऱ्हेच्या गोळ्यांची तुलना करणाऱ्या, नऊ हजारांवर बायकांच्या एका जागतिक पाहणीत पाच-सहा वर्षांच्या अखेरीस गर्भाशयाचा कॅन्सर टॅमॉक्सिफेनवर ०.८ टक्के होता, ॲनॅस्ट्रोझोलवर ०.२ टक्के. रक्तस्राव एकीकडे १०.२ टक्के, दुसरीकडे ५.४. पण या गोळ्याही फुकटात काही देत नाहीत. त्यांनी हाडं ठिसूळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजावी लागते. सांधे धरतात. आणि योनी कोरडी पडते, आग होते, लघवीला जळजळ होते, संबंध नकोसे होतात. ही तक्रार तर आपल्या बायका मैत्रिणीलाही सांगत नाहीत. तिच्यावर हार्मोन नसलेली मलमं आणि जेल मिळतात, ती आधी वापरायची. इस्ट्रोजेनचं क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून आणायचं नाही. अंगातून वाफा येतात त्यावरही औषध आहे, पण त्यातली काही टॅमॉक्सिफेनचा जोर मोडतात. म्हणून तिथेही आपलं शहाणपण चालवायचं नाही.

मुंबईत १९६३ पासून कॅन्सरची नोंद ठेवली जाते. आज या शहरातल्या बायकांना सगळ्यांत जास्त होणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. म्हणजे बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणानंतर अशी एखादी गोळी घेतली जात असणार. त्या गोळीने जीव वाचतो, हे निःसंशय. १२,८९४ बायकांच्या एका जागतिक पाहणीत पाचऐवजी दहा वर्षं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका १.६ वरून ३.१ टक्क्यांवर गेला, पण ईआर पॉझिटिव्ह गाठ असलेल्यांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू १५ वरून १२.२ टक्क्यांवर आले. तेव्हा हा लेख वाचून कुणी गोळी बंद केली, तर माझं लिहिणं वाया गेलं.

उंदराच्या अंगावरची दुसरी गाठ दिसली, कारण ती मुद्दाम मोजायला कुणीतरी बसलं होतं. घरात तसं कुणी बसलेलं नसतं. तिथे बाईने स्वतः सांगितलं तरच कळतं. तुमच्या घरी आई, मावशी, सासू, आत्या, कुणी ही गोळी घेत असेल, तर आज तिला एवढं विचारा: "कुठे डाग दिसतो का गं?" आणि हो म्हणाली, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका. याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या.